प्लंबिंगच्या धंद्याला गाडी कोणती?

वाचकाचं पत्र:

नाशिकच्या सिडकोत मी बारा वर्षं प्लंबिंगची कामं करतो. हाताखाली दोन पोरं आहेत. सामान मोटारसायकलवर नेतो, जड असलं की टेम्पो भाड्यानं बोलावतो. टेम्पोला महिन्याला नऊ हजार जातात, दोन मोटारसायकलींचं पेट्रोल चार हजार. आठवड्यातले पाच दिवस दुरुस्तीची कामं, एखादा दिवस नवीन फिटिंग. काहीतरी राहिलं म्हणून रोज एकदा तरी माघारी यावं लागतं. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे, पावणेदोन लाख साठले आहेत. चुलतभाऊ म्हणतो, बोलेरो पिकअप घे, रविवारी भाडी मारू. वडील म्हणतात, पाच सीटची ईको घे, मागची सीट काढ, घरालाही होईल. बायको हिशेब बघते, ती म्हणते हप्ता कुठून भरणार ते आधी सांगा. फायनान्सवाला सात टक्के व्याज म्हणतोय. जुनी घ्यावी का? इलेक्ट्रिक परवडेल का? एका पोराकडे साध्या चारचाकीचं लायसन्स आहे, त्यानं चालवली तर चालेल का?

— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर:

तुमच्या पहिल्यावहिल्या गाडीबद्दल तीन माणसं तीन गोष्टी सांगत आहेत, आणि त्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमच्या पत्नीचा आहे. त्यावर मी सविस्तर येतो. पण हप्त्याचा हिशेब मांडायला आधी गाडी ठरावी लागते, आणि गाडी ठरते रोज काय वाहायचं त्यावरून. तुम्ही पाच दिवस दुरुस्ती आणि एक दिवस फिटिंग असं स्वच्छ लिहिलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

दुरुस्तीच्या दिवशी तुमच्याबरोबर काय असतं? हत्यारांच्या पिशव्या, ड्रिल आणि कोअर कटिंगचं मशीन, प्रेशर टेस्टचा पंप, सीपीव्हीसीचे, म्हणजे पाण्याच्या प्लास्टिक पाइपांचे, एल्बो-टी-कपलर असे जोड, अँगल कॉक, बिब कॉक, कनेक्शन पाइप, फ्लश टाकीचं सामान. कधी एखादा गिझर, कधी एखादा कमोड. हे सगळं मिळून दीडशे-दोनशे किलोच्या वर क्वचित जातं. म्हणजे तुम्हाला टन-दीड टन ओढणारी गाडी लागत नाही. तुम्हाला लागतं ते चाकांवरचं दुकान, पावसात न भिजणारं आणि कुलूप लागणारं. हजार लिटरची टाकी किंवा नव्या बंगल्याचे पाइप हे तुमचं सगळ्यात मोठं वजन, पण ते महिन्यातून मोजक्याच वेळा येतं आणि बहुतेक वेळा दुकानदारच साइटवर पोचवतो. त्या मोजक्या फेऱ्यांसाठी वर्षभर मोठ्या गाडीचा हप्ता, डिझेल आणि टायर पोसू नका. त्या दिवशी खुशाल टेम्पो भाड्यानं घ्या.

म्हणून पिकअप नको. चुलतभावाचा हेतू चांगला आहे, पण भाडी मारणं हा वेगळा धंदा आहे. त्याला वेगळी गिऱ्हाइकं लागतात, आणि आठवडाभर राबून रविवारीही स्टेअरिंगवर बसणारा माणूस लागतो. कायद्याची एक रेषाही तिथे आडवी येते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर गेली की लागतं. पिकअपची काही मॉडेलं या रेषेच्या आत बसतात, काही बाहेर जातात. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, मारुतीचा छोटा टेम्पो सुपर कॅरी, मालवाहू ईको या सगळ्या सहज आत आहेत. शिवाय सिडकोच्या गल्ल्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या माहीत आहेत. संध्याकाळी दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की पिकअप वळवायची कुठे?

वडिलांची सूचना घरासाठी प्रेमाची आहे, पण ती मला जास्त धोक्याची वाटते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेऊन तिच्यातून रोज धंद्याचा माल नेलात, तर पोलिसाच्या चलनापेक्षा मोठी अडचण विम्याची आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने चालवणं आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर माल वाहणं त्यात बसत नाही. अपघात झाला, मागे पंचवीस एल्बोची खोकी आणि दोन कमोड निघाले, तर कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. सीट काढणं हाही गाडीतला बदल आहे, तो आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. घरच्यांना फिरायला न्यायची हौस वेगळी पुरवा. धंद्याची गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीचीच घ्या.

मग उरतात दोन प्रकार. एक, उघड्या हौद्याचा छोटा टेम्पो. दोन, मालवाहू ईकोसारखी बंद गाडी.

उघड्या हौद्याचे फायदे खरे आहेत. टाटा एसचा हौदा साधारण २,२०० मिलिमीटर लांब आणि १,४९० रुंद, म्हणजे सव्वासात फूट बाय जवळजवळ पाच फूट. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोचा हौदा साडेसहा फुटांचा आहे. ती ७५० किलो नेते आणि तिची किंमत ३.९९ लाखांपासून सुरू झाली, म्हणून आज बरेच जण तिच्याकडे बघतात. वाळूची पोती, टाकी, कमोड भराभर चढवता-उतरवता येतात. पण रोजचं बारीक सामान उघड्यावर ठेवायचं तर ताडपत्री, पेट्या, कुलपं आली, आणि गिऱ्हाइकाच्या चौथ्या मजल्यावर काम करताना खाली रस्त्यावर ड्रिल मशीन उघडं राहिलं. मागे बंद पेटीची बॉडी बांधता येते, पण ती नोंदणीच्या वेळीच मंजूर बॉडी म्हणून आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, आली पाहिजे. नंतर गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलीत, तर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, अडेल आणि तिच्या वजनाने माल न्यायची क्षमताही कमी होईल.

पाइपांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या धंद्यात गाडीची निवड तिथेच फसते, म्हणून थोडा थांबतो. सीपीव्हीसीचा पाइप ३ मीटरचा. तो एसच्या हौद्यात सपाट बसत नाही. केबिनवर लोखंडी स्टँड लावून तिरका टाकला तर गाडीच्या ३,८०० मिलिमीटर लांबीच्या आत राहतो. ६ मीटरचा पाइप मात्र पिकअपपेक्षाही लांब आहे, तो यातल्या कुठल्याच गाडीत कायदेशीर बसत नाही. लाल फडकं बांधून मागे लोंबता पाइप नेण्याची सवय आता सोडा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीबाहेर माल काढून नेण्याला २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या गळ्याचा विचार त्याहून आधी करायला हवा. ईकोची एकूण लांबीच ३,६७५ मिलिमीटर, त्यामुळे ३ मीटरचा पाइप आत सरळ बसेल अशी आशा धरू नका. काही जण तो दीड-दीड मीटर कापून नेतात. तसं करू नका, प्रत्येक कापाला एक कपलर आणि प्रत्येक कपलरला गळतीची एक जास्तीची जागा. दुरुस्तीला लागतात ते फूट-दोन फुटांचे तुकडे गाडीत कायम ठेवा. नवीन फिटिंगचे अख्खे पाइप दुकानदाराला साइटवर पोचवायला सांगा. छतावर कॅरिअर लावायचा विचार असेल, तर तो चालतो का ते पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारा.

पाच दिवस दुरुस्ती असल्यामुळे माझा कौल बंद गाडीला, सीएनजीवरच्या मालवाहू ईकोला आहे. तुमचं प्रमाण उलटं असतं, आठवड्यातले चार दिवस नवीन बांधकामं असती, तर मी एस किंवा सुपर कॅरी सुचवली असती. शोरूमला जाताना एक काम नक्की करा. तुमचा सगळ्यात मोठा गिझरचा खोका, कोअर मशीन आणि एक शिडी बरोबर न्या आणि तिथेच आत घालून बघा. विक्रेता घाई करेल, करू दे.

वजनाचं एकच सूत्र लक्षात ठेवा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकटचं एकूण वजन छापलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की माल किती न्यायचा ते कळतं. सीएनजीच्या टाकीचं वजन यातूनच जातं. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीवर ६२५. जादा वजनालाही २०,००० दंड आहे, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००. आणि या गाड्यांत चालक धरून दोनच माणसं बसतात. तुम्ही तिघं आहात. तिसऱ्याला मागे सामानात बसवायचं नाही, अगदी गल्लीपुरतंही नाही. मालाच्या जागेत माणूस नेणं बेकायदा आहे, आणि त्याला काही झालं तर त्याच्या घरच्यांसमोर तुम्ही एकटे उभे राहाल. एक मोटारसायकल ठेवा, तिसरा तिच्यावर येईल.

आता वहिनींचा प्रश्न.

समजा गाडीची शोरूम किंमत ५ लाख आहे. हलक्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात २०२५ च्या अर्थसंकल्पापासून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आला आहे, तो ३५ हजार. विमा आणि नोंदणी धरून रस्त्यावर येईपर्यंत ५ लाख ६० हजारांच्या पुढे जाईल. तुमच्याकडचे दीड-पावणेदोन लाख घातले तर कर्ज ४ लाखांचं. साडेदहा टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता सुमारे १०,२५० रुपये. रोज चाळीस किलोमीटर धरले तर महिन्याला हजार किलोमीटर. किलोला अठरा किलोमीटर आणि सीएनजीचा भाव ९५ रुपये धरला, तर साधारण ५,३०० रुपये. विम्यासाठी महिन्याला २,००० बाजूला काढा, सर्व्हिस, टायर आणि पासिंगसाठी १,७५० काढा. झाले १९,३००. शिवाय राहिलेल्या मोटारसायकलचं पेट्रोल आणि अधूनमधून लागणारा भाड्याचा टेम्पो यांचे ३,००० सुटत नाहीतच. एकूण २२,३००. आज तुमचे १३,००० जातात. म्हणजे महिन्याला ९,३०० रुपये जास्तीचे कमवावे लागतील.

ते येऊ शकतात, पण एकाच वाटेने. तुम्ही लिहिलंय, रोज एकदा माघारी यावं लागतं. ती फेरी वाचली आणि त्या वेळात चारशे रुपये मजुरीचं एक काम बसलं, तर सव्वीस दिवसांचे १०,४०० होतात. हिशेब जमतो, पण जेमतेम. महिन्यात तीन दिवस जरी माघारी आलात की तो तुटला. म्हणून गाडी घेण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवा. प्रत्येक माघारी फेरीला कोणती वस्तू नव्हती ते तिच्यात लिहा, आणि जे काम हातचं गेलं त्याची मजुरीही लिहा. ती वही वहिनींना दाखवा. त्यांना त्यात रोजचं एक काम दिसलं तर गाडी घ्या. नाही दिसलं तर सहा महिने थांबा, टेम्पो भाड्याने घ्यायला कमीपणा नाही. आणि गाडी घेतलीत तरी तीन हप्त्यांची रक्कम आधी बाजूला असू द्या. पाठदुखीने किंवा घरातल्या आजारपणाने पंधरा दिवस काम बंद राहिलं, तर हप्ता थांबत नाही.

फायनान्सवाल्याचे सात टक्के बहुधा फ्लॅट असतील. त्याला तोंडावर विचारा. फ्लॅट म्हणजे चारही वर्षं पूर्ण ४ लाखांवर व्याज, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. ४ लाखांवर ७ टक्क्यांनी चार वर्षांचं व्याज १ लाख १२ हजार होतं, हप्ता जवळजवळ १०,६७० चा. घटत्या शिलकीवर बघितलं तर हा दर साडेबारा टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे बँकेचे साडेदहा टक्के त्याच्या सात टक्क्यांपेक्षा स्वस्त. टक्के ऐकू नका, हप्ता गुणिले महिने करा आणि त्यात फाइल चार्ज मिळवा. आधी तुमचं खातं आहे त्या बँकेत मुद्रा योजनेचं विचारा. किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं आणि धंद्याची गाडी त्यात बसते. घरातलं सोनं यासाठी हलवू नका.

जुनी गाडी वाईट नाही, पण कागद आणि लोखंड दोन्ही स्वतः बघा. ओम्नी २०१९ मध्येच बंद झाली, त्यामुळे बाजारातली प्रत्येक ओम्नी आता जुनी आहे. ईको २०१० पासून चालू आहे, तिचे भाग नाशिकमध्ये कुठेही मिळतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. म्हणून सात वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तिचा पुढचा खर्च मोजा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं थकली आहेत का, हे परिवहनच्या ॲपवर दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सीएनजी किट आरसीवर चढलेलं असलंच पाहिजे आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली असली पाहिजे, तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. गाडी सकाळी थंड इंजिनवर चालू करून बघा. खाली वाकून चासीला जोड मारलाय का, मागचे पाटे बसलेत का, फरशीखाली गंज आहे का, हे पाहा. भाजीचा किंवा बर्फाचा माल वाहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असते. तुमच्या ओळखीचा गॅरेजवाला पाचशे रुपये घेऊन तासभर बघेल, ते पाचशे जरूर खर्च करा.

इलेक्ट्रिक तुम्हाला आत्ता जमणार नाही. चाळीस किलोमीटरच्या रोजच्या फिरण्याला ती उत्तम आहे, कंपन्या एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटरच्या वर सांगतात त्यातलं निम्मं धरलं तरी पुरतं. पण गाडी रात्री रस्त्यावर लागणार असेल तर चार्ज कुठे करणार? स्वतःची पार्किंगची जागा आणि मीटर असलेल्याने तिचा विचार नक्की करावा.

जीएसटीबद्दल एकच गोष्ट, पण ती नंतर दुरुस्त होत नाही. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ५ लाखांच्या किमतीत तरीही सुमारे ७६ हजार रुपये कराचेच आहेत. नोंदणीकृत व्यावसायिकाला मालवाहू गाडीवरचा हा कर वजावट म्हणून मिळतो. सेवेसाठी उलाढालीची मर्यादा २० लाख आहे, त्या आत असाल तर नोंदणीची सक्ती नाही. पण बिल्डरची कामं घेण्यासाठी येत्या वर्षात नोंदणी करणारच असाल, तर आधी नोंदणी करा आणि मग गाडी घ्या. गाडी आधी घेतलीत तर नंतरच्या नोंदणीवर तिचा कर मिळत नाही. तुमच्या सीएशी बुकिंगच्या आधी बोला.

गाडी आली की पुढच्या सीटमागे लोखंडी जाळी लावून घ्या. जोरात ब्रेक लागला की कोअर मशीन मानेवर येतं. जड सामान खाली आणि चाकांच्या मधोमध, हलके डबे वर. सीपीव्हीसीच्या सॉल्व्हंटचे डबे घट्ट बंद करून ठेवा, उन्हात बंद गाडीत ते सोडून जेवायला जाऊ नका. त्याची वाफ पेट घेते. गाडीच्या विम्यात तुमची हत्यारं धरलेली नसतात, म्हणून महागडी मशिनं रात्री घरात घ्या आणि पोरांनाही ती सवय लावा.

राहिला पोराच्या लायसन्सचा प्रश्न. साध्या चारचाकीच्या लायसन्सवर मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली हलकी मालवाहू गाडी चालवता येते, वेगळ्या बॅजची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलं. मात्र विमा घेताना पगारी चालकाची जोखीम त्यात लावून घ्या, तिचा हप्ता अगदी किरकोळ असतो. त्याच्या लायसन्सची मुदत कधी संपते ते स्वतः तपासा, आणि पहिले काही दिवस रिकाम्या गाडीवर शेजारी बसून त्याला चालवू द्या.